मतभेदाची कार्यशाळा: सकाळ पैसे वसूल, दुपार उरकलेली

‘तत्त्वनिष्ठ मतभेदाचे मानसशास्त्र’ या विषयावर पुण्यात झालेल्या एकदिवसीय कार्यशाळेला नुकताच गेलो होतो. शुल्क जेवणासह दीड हजार रुपये होते आणि सकाळच्या सत्रापुरते बोलायचे तर ते वसूल झाले.

सॉलोमन ॲश यांचा १९५०च्या दशकातला रेघांचा प्रयोग तिथे नुसता सांगितला नाही, आमच्याकडून करवून घेतला. दिलेल्या रेघेएवढी रेघ तीनांतून ओळखायची आणि आधी बोलणाऱ्यांनी ठरवून एकच चुकीचे उत्तर द्यायचे, असा तो प्रकार. माझ्या शेजारच्या बँक अधिकारी बाईंचे बोट बरोबर रेघेकडे गेले होते. इतरांची उत्तरे ऐकून त्यांनी ते मागे घेतले आणि ‘तिसरीच असेल’ असे त्या पुटपुटल्या. पुढच्या फेरीत एकाने खरे उत्तर देताच त्याच बाई ठणकावून बोलल्या. ॲश यांच्या प्रयोगातही असा एक साथीदार मिळाल्यावर चुकीला मान डोलावण्याचे प्रमाण आधीच्या सुमारे एक चतुर्थांशावर आले होते.

दुपारी मात्र गाडी घसरली. निळ्या स्लाइडला न डगमगता हिरवी म्हणत राहणारे दोघे इतर चौघांपैकी काहींचे उत्तर बदलवतात, हे दाखवणारा सर्ज मॉस्कोव्हिसी यांचा १९६९चा प्रयोग आला. पण त्यातून निघाले काय, तर मीटिंगमध्ये आवाज कसा ठेवावा याच्या सूचना! त्यासाठी दीड हजार कशाला?

र. धों. कर्वे यांना तर एकाच स्लाइडमध्ये आटोपले. १९२१मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढणाऱ्या आणि त्याच प्रचारापायी १९२५मध्ये विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी गमावणाऱ्या या माणसाने १९२७पासून १९५३मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले, आणि त्यांतल्या १९३४च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. ज्या विषयापायी नोकरी गेली, तोच १९५२मध्ये देशाचा सरकारी कार्यक्रम झाला. मग पगार थांबल्यावर असा माणूस टिकतो कसा, घरात पत्नी मालतीबाईंची साथ किती मोलाची ठरली, हे प्रश्न सकाळच्या ‘साथीदारा’शी सरळ जोडता आले असते. मी विचारले, तेव्हा ‘वेळेअभावी पुढे जाऊ’ असे उत्तर मिळाले.

प्रशिक्षकांची तयारी चांगली होती, जेवण बेताचे. अर्ध्या दिवसाची नोंदणी मिळत असेल तर जरूर जावे. पूर्ण शुल्क भरण्याआधी दुपारच्या सत्राचा आराखडा मागून घ्यावा.