कांचनाबुरीची गाडी: खिडकी डावीकडची, पण आधी संग्रहालय

कुडचड्यात वाढलेल्या माणसाला रेल्वेच्या घाटाचं कौतुक सांगू नये. कुळे ते कॅसलरॉक आम्ही मीटर गेजच्या काळात केलाय. त्यामुळे थायलंडला जाऊबाईंनी 'डेथ रेल्वे'चा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी युद्धकैदी आणि मजुरांकडून बांधून घेतलेल्या रेल्वेचा हट्ट धरला तेव्हा मी फारशी उत्साहात नव्हते. आता म्हणते, जरूर जा. पण बँकॉकच्या एजंटकडून नको. आम्हाला एकाने एसी व्हॅन, जेवण आणि 'स्पेशल ट्रेन' असं भलं मोठं पॅकेज सांगितलं. ती 'स्पेशल ट्रेन' म्हणजे रोजचीच पॅसेंजर. बँकॉकच्या थोनबुरी स्टेशनवर जायचं, खिडकीवर तिकीट काढायचं. परदेशी माणसाला 100 बाट.

डबा थर्ड क्लास. उघड्या खिडक्या, वर पंखे, फेरीवाल्यांची ये-जा. रुंदीही तीच जुनी, मीटर गेज. आमच्याकडे ती नव्वदच्या दशकात गेली, इथं अजून धावतेय. बसल्या बसल्या मला बरंच वाटलं.

कांचनाबुरी सोडल्यावर लगेच ख्वाए नदीवरचा लोखंडी पूल येतो. लोक रुळांवरून चालत फोटो काढत असतात आणि गाडी त्यांच्यामागून रांगत जाते. पुलाच्या कमानदार तुळया जुन्या, जपान्यांनी जावाहून आणलेल्या. मधल्या दोन सरळ कडांच्या युद्धानंतर बसवलेल्या, कारण दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी तेवढा भाग पाडला होता. हे माहीत असलं तर पुलाकडे बघायला मजा येते.

खरं बघण्यासारखं पुढे आहे, थाम क्रासेला. कड्याला चिकटून लाकडी खांबांवर उभा केलेला मार्ग, डावीकडे खाली ख्वाए नोई नदी, उजवीकडे हाताला लागेल असा खडक. गाडी अगदी हळू होते आणि लाकूड करकरतं. नाम तोककडे, म्हणजे गाडीच्या शेवटच्या स्टेशनकडे जाताना डावीकडे बसा. उजवीकडच्यांना फक्त दगड दिसतो. (हात बाहेर काढू नका, जाऊबाईंना दोनदा ओरडावं लागलं.) नाम तोकजवळचा साई योक नोई धबधबा मात्र दूधसागर पाहिलेल्याने सोडला तरी चालेल.

माझी तक्रार वेगळीच. 1942-43 मध्ये जपान्यांनी ब्रह्मदेशातल्या सैन्याला रसद पोचवायला ही 415 किलोमीटरची लाईन घाईघाईने बांधून घेतली. त्यात 12,000 हून जास्त युद्धकैदी मेले: ब्रिटिश, डच, ऑस्ट्रेलियन, अमेरिकन. आणि आशियाई मजूर? मलायाच्या रबर मळ्यांतले तमिळ, ब्रह्मी, जावातले, अंदाजे 90,000. उपासमार, कॉलरा, मार. कांचनाबुरी स्टेशनजवळच्या दफनभूमीत जवळजवळ 7,000 कबरी आहेत, हिरवळ कापलेली, बहुतेकांवर नाव कोरलेलं. त्या तमिळ मजुरांसाठी अशा नावानिशी कबरी नाहीत. आमच्या डब्यात तर यातलं एक अक्षरही कुठे लिहिलेलं नव्हतं. सगळे सेल्फीत गुंग, त्यात आपलेही बरेच. चेन्नईचं एक कुटुंब आमच्यासमोर होतं. मी सांगितलं तेव्हा त्यांच्या आजीने हातातला डबा तसाच बंद केला.

म्हणून गाडीच्या आदल्या दिवशी दफनभूमीशेजारचं थायलंड-बर्मा रेल्वे सेंटर नीट बघा. मजुरांचा हिशेब तिथे मिळतो. मग खिडकीतून दिसणारा प्रत्येक कापलेला खडक वेगळा वाटतो.

वेळ असेल तर हेलफायर पासही करा, म्हणजे याच लाईनसाठी कैद्यांनी खडक फोडून काढलेली खिंड. नाम तोकच्या पुढचे रूळ युद्धानंतर उखडले, त्यामुळे तिथे बसनेच जावं लागतं. ऑस्ट्रेलियाने बांधलेलं संग्रहालय आहे, प्रवेश फुकट, कानाला लावायचं यंत्रही देतात. जिने खूप आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करून उतरावं. आम्ही परत येताना गाडीच्या नादी लागलो नाही, हमरस्त्यावरून बस पकडली आणि अंधार पडायच्या आत कांचनाबुरीला पोचलो.