लिहिलंय ५५, ओढतं ४४ : जुन्या लाकडी धनुष्याच्या दुरुस्तीचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकते. धनुष्य पुन्हा चालू झालं, कबूल केलेल्या मुदतीनंतर सात आठवड्यांनी आलं, पूर्वीपेक्षा कमी जोराचं होऊन आलं, आणि तरीही पुढचं काम मी याच कारागिराला देणार. त्यांचं नाव मात्र लिहीत नाही. हातातली कामंच उरकत नाहीत, त्यात भर नको, असं ते स्वतःच म्हणाले. मग लिहायचं कशाला? तर असं काम कुणाकडे द्यावं आणि कुणाकडून उचलून परत आणावं, हे मला महागात पडून कळलं. इतरांना स्वस्तात कळावं.

धनुष्य काकांचं. ६४ इंच लांब, ओसेज ऑरेंजच्या एकाच तुकड्यातून तासलेलं. थर चिकटवलेले नाहीत, फायबरग्लास नाही. या झाडाला फ्रेंच लोकांनी ‘धनुष्याचं लाकूड’ अशाच अर्थाचं नाव दिलं होतं. ताजं तासलं की गाभा हळदीसारखा पिवळा दिसतो, आणि उजेड खाऊन खाऊन तपकिरी होतो. काकांचं धनुष्य जुन्या पाटासारखं काळपट झालं होतं. मुठीच्या कातड्याखाली मात्र अजून पिवळं होतं, आणि तिथं बनवणाऱ्यानं शाईनं लिहिलेलं : ५५ पाउंड, २८ इंच. म्हणजे दोरी २८ इंचांपर्यंत ओढली की बोटांवर ५५ पाउंडांचा भार. काका ते घेऊन शिकारीला जायचे. मी गवताच्या लक्ष्यावर बाण सोडते आणि तेवढ्यात खूश असते.

मी शिवणकाम करते, म्हणून धनुष्याचं दुखणं मला कापडाच्या भाषेत समजलं. नेमबाजाकडे असते ती बाजू पोट, पलीकडची पाठ. ओढताना पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. चांगल्या धनुष्याच्या पाठीवर झाडाच्या वाढीचं एकच वलय या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड ठेवलेलं असतं. ते कापलं गेलं तर कापडातला उभा धागा कापल्यासारखंच. ताण आला की तिथूनच उसवायला सुरुवात.

हे मला आधी ठाऊक असतं तर बरं झालं असतं. वरच्या भुजेवर, म्हणजे मुठीच्या वरच्या वाकणाऱ्या भागावर, एका गाठीजवळ दोन इंचांची चीर उठली होती. मी त्यात घरातला दाट इन्स्टंट ग्लू ओतला, वरून मासेमारीची दोरी गुंडाळली आणि फुगवटा दिसू नये म्हणून आजूबाजूला सँडपेपर मारला. चांगला घसघसून. वलय कापलं ते मीच.

त्यानंतर एकाकडे नेलं. पाच मिनिटांत उत्तर मिळालं, ‘काही नाही, इपॉक्सी भरू, घासू, तीन हात व्हार्निश, एकदम नवं करून देतो.’ त्यांनी दोरी चढवून दोनदा ओढूनही पाहिलं, तेही पायात अडकवून. मला तेव्हा कळलं नाही, पण चीर गेलेल्या धनुष्यावर आधी दोरी चढवणारा माणूस म्हणजे ताप किती आहे ते बघायला पेशंटला पळायला लावणारा डॉक्टर. काम त्यांना दिलं नाही, पण त्याचं कारण एवढंच की त्या दिवशी त्यांचं दुकान लवकर बंद झालं. नशीब.

आत्ताच्या कारागिरांशी पहिलं बोलणं फोनवर झालं. नमस्कार झाल्यावर त्यांचं पहिलं वाक्य : ‘ताई, त्यावर दोरी चढवू नका. चढवलेली असेल तर आत्ता उतरवा, मग बोलू.’ नंतर त्यांनी जुना नायलॉनचा मोजा हातात घालून पाठीवरून अलगद फिरवायला सांगितला. मोजा तीन ठिकाणी अडकला. मला चीर एकच माहीत होती.

मग फोटो मागवले. दिवा बाजूनं धरून पोटाचे, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणून सबंध धनुष्याचे. दोऱ्यानं दोन गोष्टी उघड्या पडल्या. खालची भुजा पिळवटली होती, कारण वर्षानुवर्षं ते कपाटामागच्या कोपऱ्यात उभं होतं. आणि दोरी नसतानाही दोन्ही टोकं नेमबाजाकडे झुकलेली, म्हणजे लाकडानं वाकलेलं राहायची सवय लावून घेतलेली. पोटाच्या फोटोत खालच्या भुजेवर, मुठीपासून वीतभर अंतरावर, आडव्या बारीक रेषा दिसल्या. मला त्या व्हार्निशच्या तडा वाटल्या होत्या. त्या लाकडाच्याच होत्या. दाबानं पेशी चिरडल्या की अशा सुरकुत्या पडतात.

‘या रेषा जाणार नाहीत,’ ते म्हणाले. ‘मी घालवून दिल्या तर समजा फसवलं.’

काम द्यायचं मी इथंच ठरवलं.

प्लॅस्टिकच्या जाड पाइपमध्ये घालून, दोन्ही टोकांना टोपणं लावून पाठवलं. चार आठवडे लागतील म्हणाले, लागले अकरा. पहिले तीन आठवडे तर त्यांनी हातही लावला नाही. धनुष्य आडवं टांगून ठेवायचं, दर दोन दिवसांनी वजनकाट्यावर ठेवायचं, आणि वजन स्थिर होईपर्यंत थांबायचं. लाकडात ओल जास्त असली की ते वाकलेलंच राहतं, फार कोरडं असलं की तुटतं. आठ ते दहा टक्के ओल त्यांना हवी होती. हे सगळं पटतं, पण तिसऱ्या आठवड्याला मी फोन करून ‘अजून सुरूच नाही?’ असं विचारलंच. आल्प्सच्या बर्फात १९९१ साली सापडलेल्या ओत्झी या प्राचीन माणसाच्या गोठलेल्या देहाजवळ यू नावाच्या झाडाच्या लाकडाचं एक धनुष्य होतं, १.८२ मीटर लांब, अर्धवट तासलेलं. पाच हजारांहून जास्त वर्षं ते अपुरंच आहे. माझ्या नवऱ्यानं हा दाखला मला त्या काळात इतक्या वेळा दिला की शेवटी मी त्याच्याकडे तक्रार करणं सोडलं.

कामाला हात लागला तेव्हा आधी माझी घाण निघाली. इन्स्टंट ग्लू अॅसिटोननं मऊ पडतो. चिरेतला सगळा गोंद त्यांनी थेंबाथेंबानं सोडवून काढला आणि तेवढ्या कामाचे पैसे वेगळे लावले, तेही स्पष्ट सांगून. योग्यच. मग पाण्यासारखा पातळ ग्लू चिरेत झिरपू दिला, क्लॅम्प लावला आणि वरून रेशमी दोऱ्याचा दीड इंच रुंद घट्ट वेढा दिला. वेढा मी भिंगातून पाहिला. फेरा फेऱ्याला लागून, एकही दुसऱ्यावर चढलेला नाही.

पीळ कोरड्या उष्णतेनं काढला. लाकूड करपू नये म्हणून वर तेलाचा हात, मग हीट गनचा झोत सारखा हलता ठेवत हात लावता येणार नाही इतकं तापवायचं, आकाराच्या साच्यावर क्लॅम्पनं आवळायचं आणि रात्रभर थंड होऊ द्यायचं. त्यानंतर पुन्हा काही दिवस नुसतं टांगलेलं, कारण तापलेलं लाकूड सुकून ठिसूळ झालेलं असतं. हवेतली ओल त्यानं परत घ्यायच्या आत वाकवलं की मोडलंच.

मी कापलेल्या वलयासाठी दोन वाटा होत्या. एक, सबंध पाठ तासून खालच्या वलयापर्यंत उतरायचं. दुसरी, पाठीवर कच्चं कातडं सरसानं चिकटवायचं. पहिलीत लाकूड बरंच गेलं असतं आणि पाठीवरच्या त्या गाठीभोवतीचा सुंदर फुगारही. मी कातडं म्हटलं. कातड्यानं जोर फारसा वाढत नाही, पण उठू पाहणारे तंतू ते दाबून धरतं. पाठ आता मधाळ रंगाच्या पापुद्र्याखाली गेली आहे. पूर्वीच्या रेघा अंधुक दिसतात. याचं वाईट वाटतं, पण सँडपेपर कुणी मारला होता?

खरी कारागिरी त्यापुढची. भिंतीवरच्या चौकटीत धनुष्य अडकवून, कप्पीवरून दोर घेऊन, खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून ते दोरी ओढतात. मोडलंच तर तुकडे अंगावर नकोत. मला व्हिडिओ पाठवला होता. भिंतीवर आखलेल्या चौकोनांपुढे भुजा वाकताना दिसतात आणि रेषा पडलेल्या जागी खालची भुजा बिजागरीसारखी मुडपते आहे, हे मलासुद्धा कळलं. आता इथं माझ्यासारखीनं त्या जागीच काहीतरी केलं असतं. त्यांनी त्या जागेला हात लावला नाही. तिच्या दोन्ही बाजूंचं ताठ लाकूड पोटाकडून स्क्रेपरनं कागदाइतकं पातळ खरवडलं, म्हणजे वाकण्याचं ओझं सगळीकडे वाटलं जाईल. मग वरच्या भुजेतूनही तेवढंच, तोल राखायला. दर खरवडीनंतर तीसेक वेळा थोडं थोडं ओढायचं, लाकडाला बदल कळू द्यायचा, मग पुन्हा बघायचं.

जोर उतरला तो इथं. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. सरसकट जाडी १० टक्क्यांनी उतरवली तर २७ टक्के जोर गेला. म्हणून घाई चालत नाही, आणि म्हणूनच लाकूड परत लावता येत नाही हे दर खरवडीला आठवावं लागतं.

मधेच त्यांचा फोन, ‘बोटं कशी धरता? बाणाच्या वर एक आणि खाली दोन, की तिन्ही खाली?’ मी म्हटलं, एक वर दोन खाली. तर वरच्या भुजेला खालचीपेक्षा किंचित जास्त वाक ठेवला. तिन्ही खाली असती तर दोन्ही जवळपास सारख्या ठेवल्या असत्या. गिऱ्हाइकाचं माप घेतल्याशिवाय कापड न कापणारा माणूस मला लगेच आपला वाटतो. ओढीचंही माप विचारलं. माझी ओढ २६ इंचच, त्यामुळे ५५ पाउंड मी कधी अनुभवलेच नव्हते, फार तर ५० च्या आसपास. आता २६ इंचांवर ४४ येतात. घरी टांगत्या काट्यावर मोजले, बरोबर ४४. २८ पर्यंत ओढायची मात्र बंदी.

रेषांच्या दोन्ही टोकांना त्यांनी पेन्सिलीनं बारीक खुणा केल्यात. रेषा खुणेच्या पुढे सरकली तर धनुष्य भिंतीवर टांगायचं, नेमबाजी बंद.

आता तक्रारी. पाइप उघडला तेव्हा मी चरकले. खरवडलेल्या जागा पिवळ्याधमक आणि बाकीचं काळपट, ठिगळं लावल्यासारखं. काही महिन्यांत उजेडानं रंग जुळेल, हे आधी सांगायला हवं होतं. जुळतोय खरा, पण पहिल्या दिवशी माझं धाबं दणाणलं. दुसरं, तेलाचा शेवटचा हात पुरता वाळायच्या आत त्यांनी बबल रॅप गुंडाळला. वरच्या भुजेवर अजून गोल गोल बुडबुड्यांचे ठसे आहेत. अकरा आठवडे लावले, तिथं आणखी चार दिवसांनी काय बिघडलं असतं! तिसरं, मुठीचं नवं कातडं जाड आहे आणि शिवण, माफ करा, शिवण म्हणवत नाही. टाके एक लांब, एक आखूड. रेशमाचा वेढा देणारा हात हाच का, असा प्रश्न पडतो. काकांच्या घामानं काळं पडलेलं जुनं कातडं मात्र त्यांनी वेगळ्या पाकिटात जपून परत पाठवलं आणि मुठीवरच्या शाईला धक्का लावला नाही, म्हणून शिवणीचा राग निम्मा ओसरला.

चौथी तक्रार सगळ्यांत महत्त्वाची. धनुष्याचा जोर उतरला की जुने बाण त्याला जास्त ताठ पडतात, हे त्यांनी सांगितलं नाही. मी उजव्या हातानं ओढते. पहिल्या दिवशी प्रत्येक बाण डावीकडे. दोन आठवडे मी स्वतःच्या दोरी सोडण्याच्या पद्धतीला दोष देत बसले. फोन केल्यावर म्हणाले, ‘अरे हो, टोकं बदला.’ बाणांना १०० ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचं बारीक माप) जागी १४५ ग्रेनची टोकं लावली. पुढे वजन वाढलं की बाण सुटताना जास्त लवतो. बाणांचा गट पुन्हा मधे आला.

दोरीही बदलून दिली. आधीची मी हौसेनं घेतलेली आधुनिक, न ताणणारी. असल्या दोरीचा झटका जुन्या लाकडाच्या टोकांना सोसत नाही. आता थोडी लवचीक डॅक्रॉनची, पिळाची दोरी आहे, आणि दोरी चढवायला वेगळी पट्टी, म्हणजे पायात अडकवून पुन्हा पीळ बसायला नको. सोबत चिठ्ठी : वापर संपला की दोरी उतरवा, कोपऱ्यात उभं करू नका, बंद गाडीत उन्हात ठेवू नका, बाण न लावता दोरी कधीच सोडू नका. खाली वेगळ्या शाईत, ‘आणि ग्लू घरात ठेवू नका.’

पाचपैकी चार तारे. कापला तो बुडबुड्यांचा आणि बाणांचा मिळून एक. शिवणीचा कापला नाही, कारण मुठीचं नवं कातडं मी परवा उसवलं आणि काकांचं जुनं कातडंच मेण लावलेल्या दोऱ्यानं पुन्हा बसवलं. आतापर्यंत तीनशेच्या वर बाण सोडलेत. दर रविवारी भिंग घेऊन पोट तपासते. रेषा खुणांच्या आतच आहेत.