अलिबाग-नवगावचा ज्यू हेरिटेज दिवस आणि संध्याकाळचं लेक्चर, जावं का?

साडेतीन स्टार. त्यातले तीन संध्याकाळच्या लेक्चरचे, अर्धा दुपारच्या मटणाचा, सकाळच्या फिरतीला मी काहीच देत नाहीये.

अलिबागच्या बाजूला एक होमस्टेवाले सीझनमध्ये रविवारी हे करतात. शनिवारी नाही, कारण लेक्चर देणारे काका बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू आहेत आणि शनिवार पाळतात, त्यामुळे वीकेंडला मुंबईवरून येणाऱ्यांची जरा पंचाईत होते पण ते बरोबरच आहे म्हणा, आपल्याकडे या लोकांना शनवार तेलीच म्हणायचे, शनिवारी घाणा बंद. माणशी अठराशे. सकाळी नवगाव, मग अलिबागची इस्रायल आळी, जेवण, जरा आडवं पडायचं आणि पाचनंतर ‘जुनी हस्तलिखितं, शिलालेख आणि ज्यू कायदा’ असं लेक्चर.

सकाळचं आटपून टाकतो. नवगावला जहाज फुटलं, सात पुरुष नि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना तिथेच पुरलं, ही गोष्ट अलिबागकडे बहुतेकांना माहीत असते आणि गाइड मुलाने त्यापलीकडे एक वाक्य सांगितलं नाही, त्याचं सगळं लक्ष ड्रोनमध्ये. भर अकराच्या उन्हात उभं करून ठेवलं. आळीतलं मागेन अबोथ सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) तर बाहेरूनच बघितलं कारण आधी विचारून ठेवायला पाहिजे होतं ते आयोजकांनी विचारलंच नव्हतं. अठराशे घेता तर एक फोन करायला काय जातं?

जेवण मात्र फर्स्ट क्लास. नारळाच्या रसातलं मटण, भात, तळलेली सुरमई. कोळंबी नाही, कुर्ल्या नाहीत. ग्रुपमधल्या डोंबिवलीच्या काकूंनी विचारलंच, "कोकणात येऊन तिसऱ्या पण नाहीत?" तर वाढणाऱ्या ताई म्हणाल्या, "आमच्यात पंख आणि खवलं दोन्ही असलेलाच मासा चालतो हो, आणि मटणाला दूध-दही लावत नाय, म्हणून नारळ."

काकांनी संध्याकाळी बरोब्बर इथूनच सुरुवात केली. रिटायर्ड मास्तर, आवाज अजून वर्गातला, माइक लागत नाही. म्हणाले, खवल्यांचा नियम तोरात, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात आहे, पण 2021 मध्ये योनातान ॲडलर आणि ओम्री लेर्नाऊ या दोन संशोधकांनी जेरुसलेमभोवतीच्या जुन्या यहूदा प्रांतातल्या उत्खननांतली माशांची हाडं तपासली तर काय निघालं, लोक बिनखवल्याचे मासे खातच होते, आपल्या शिंगाळ्याच्या जातीतले, आणि थोडीफार मुशीसुद्धा! रोमन काळापर्यंत येता येता ते प्रमाण घटत गेलेलं दिसतं. म्हणजे कायदा लिहिलेला सापडला म्हणून लोक तो पाळत होते असं धरू नका, पुस्तक एकीकडे आणि ताट एकीकडे, दोन्ही बघा. बास, इथून पुढे मी मोबाईल खाली ठेवला.

मग त्यांनी पडवीभर एक फ्लेक्स उलगडला. जिथे भाऊंच्या वाढदिवसाचे बॅनर छापतात तिथूनच छापून आणलेला, सव्वासात मीटरच्या वर लांब, बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाच्या मोठ्या गुंडाळीचा फोटो मूळ साइजमध्ये. 1947 च्या सुमारास मृत समुद्राच्या काठी कुमरानला बेदुइन मेंढपाळांना पहिल्या गुहेत ज्या गुंडाळ्या मिळाल्या त्यातली ही, इ.स.पू. दुसऱ्या शतकातली. पुढे अकरा गुहांतून नऊशेच्या आसपास हस्तलिखितांचे तुकडे निघाले, हिब्रू बायबलमधलं एस्तेर सोडलं तर सगळ्या पुस्तकांचं काही ना काही आहे त्यात. पूर्ण हिब्रू बायबलची सगळ्यात जुनी प्रत आजही इ.स. 1008 ची, लेनिनग्राडची, म्हणजे ही गुंडाळी तिच्याहून हजारेक वर्षांनी जुनी. आम्ही सगळे चवड्यावर बसून बघत होतो. सतरा चामड्यांचे तुकडे, सांध्यावरची शिवण दिसते, 54 रकाने. चाळिसाव्या अध्यायापाशी काकांनी बोट ठेवलं. ‘गवत सुकतं, फूल कोमेजतं’ ही ओळ दोनदा येते, लिहिणाऱ्याची नजर पहिलीवरून थेट दुसरीवर गेली आणि मधला मजकूर गळला, नंतर कुणीतरी तो वरच्या फटीत बारीक अक्षरात घुसवला आणि जागा पुरेना म्हणून समासातून खाली उतरवत नेला. आणि त्या घुसवलेल्या मजकुरात जिथे देवाचं नाव यायला पाहिजे तिथे नाव नाही, फक्त चार ठिपके. दोन हजार वर्षांपूर्वीचा खाडाखोडीचा कागद इतक्या जवळून बघायला मिळतो (फोटो का असेना) त्याचे पैसे मी आनंदाने देईन.

मजकूर बराचसा आजच्यासारखाच आहे म्हणाले, पण सगळा नाही. दावीदने गोफणीने पाडलेल्या राक्षसी गल्याथचं उदाहरण तर आमच्यातल्या पोरांनीही उचलून धरलं. नेहमीच्या हिब्रू प्रतीत तो सहा हात एक वीत, म्हणजे जवळजवळ पावणेदहा फूट. कुमरानच्या चौथ्या गुहेतल्या शमुवेलच्या पुस्तकाच्या प्रतीत चार हात एक वीत, पावणेसात फूट, आणि जुन्या ग्रीक भाषांतरातही चारच. दहा आज्ञांचंही तसंच, नॅश पपायरस म्हणून इजिप्तमधून आलेला एक चिटोरा आहे, कुमरानच्या आधी तोच सगळ्यात जुना हिब्रू बायबलचा मजकूर मानायचे, त्यात ‘व्यभिचार करू नको’ आधी आणि ‘खून करू नको’ नंतर.

पण मला विचाराल तर दिवसातली सगळ्यात भारी गोष्ट एक खापर. 1960 मध्ये इस्रायलच्या किनाऱ्यावर यावने-यामजवळच्या एका जुन्या किल्ल्यात सापडलेलं, इ.स.पू. सातव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, त्यावर शाईने लिहिलेला एका कापणीवाल्या मजुराचा अर्ज. साहेबांनी माझं ऐकावं, मी कापणी केली, ठरल्याप्रमाणे धान्य कोठारात भरलं, तरी होशायाहूने माझा अंगरखा काढून नेला, माझ्याबरोबर उन्हात कापणी करणारे भाऊबंद साक्ष देतील, माझा दोष नाही, कपडा परत द्या. तोराच्या निर्गम नावाच्या पुस्तकात नियम आहे, कुणाचा अंगरखा गहाण घेतलास तर सूर्य मावळायच्या आत परत कर, नाहीतर तो काय पांघरून झोपेल. आता मजा अशी की या अर्जात ‘शास्त्रात असं लिहिलंय’ असा एक शब्द नाही! नियमाची पोथी त्याला माहीत होती की नव्हती, सांगता येत नाही, पण कपडा अडकवून ठेवणं अन्याय आहे हे त्याला माहीत होतं आणि साहेबालाही माहीत असणार असं तो धरून चालला होता. काका म्हणाले, "मला विचाराल तर कायदा आधी असा भांडणात असतो, मग पुस्तकात जातो." मला हे एकदम पटलं.

तसंच नाइलमधल्या एलेफंटाइन बेटाचं. तिथे इ.स.पू. पाचव्या शतकात ज्यू सैनिकांची वस्ती, त्यांचे अरामी भाषेतले पपायरस मिळालेत. इ.स.पू. 419 सालचं सणाचं पत्र आहे, बेखमीर भाकरीच्या सणाचं, स्वतःचं देऊळ होतं, ते 410 मध्ये पाडलं तर परत बांधायला 407 मध्ये यहूदाच्या सुभेदाराकडे लिहिलंय. म्हणजे देव तोच, सण तोच, पण या सगळ्या कागदांत ज्याच्या नावे तोरा सांगतात त्या मोशेचं किंवा तोराचं नाव नाही. आणि लग्नाच्या करारात बायकोलाही सभेत उभं राहून ‘मला हा नवरा नको’ म्हणायची सोय, मिब्ताह्याह नावाच्या बाईचा करार काकांनी वाचून दाखवला. नंतरच्या रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या कायद्यात सोडचिठ्ठी नवऱ्याने द्यायची असते. डोंबिवलीच्या काकू म्हणाल्या, "म्हणजे आधी बरं होतं की!" आणि अख्खी पडवी हसली.

रेहोवच्या सिनेगॉगची फरशीही दाखवली, बेथ शानच्या खोऱ्यातली, सहाव्या-सातव्या शतकातली, मोझेकमध्ये 29 ओळी आणि सगळा कायदा शेतमालाचा. सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची असते, तर कुठल्या गावच्या हद्दीत काय चालेल काय नाही, आणि मग कलिंगड, कांदे, लसूण, तीळ, मोहरी, जिरं, तांदूळ. देवळाच्या जमिनीवर किराण्याची यादी, अक्षरशः. गंमत म्हणजे हाच मजकूर ज्या जेरुसलेम तलमुदात (रब्बींच्या कायदा-चर्चेचा ग्रंथ) येतो त्याची लायडनची प्रसिद्ध प्रत 1289 ची, म्हणजे फरशी तिच्याहून सहा-सातशे वर्षांनी जुनी.

शेवटी एका मुलाने विचारलं, "काका, मग खरी प्रत कुठली?" काका म्हणाले, "आमच्याकडे तर प्रतच नव्हती रे." मग डेव्हिड रहाबी नावाच्या बाहेरून आलेल्या ज्यूची गोष्ट सांगितली, की तो कोकणात आला आणि हे लोक ज्यू आहेत का हे बघायला त्याने बायकांपुढे खवल्यांचे नि बिनखवल्यांचे मासे ठेवले, बायकांनी बिनखवल्यांचे वेगळे काढले. लोककथाच आहे ही, काकांनीही तशीच सांगितली, पुरावा म्हणून नाही, ते मला फार आवडलं. पोथ्या जहाजाबरोबर बुडाल्या असं मानतात, राहिला तो शनिवार, सुंता, मासळीचा नियम आणि ‘शमा’ ही देव एकच म्हणणारी प्रार्थना.

आता तक्रारी. प्रोजेक्टर मध्येच बंद पडला, पंखा लावला की फ्लेक्स उडतो आणि बंद केला की डास, शेजारच्या रिसॉर्टचा डीजे सातला सुरू झाला. सगळ्यात वाईट म्हणजे चांदीच्या गुंडाळ्या शेवटच्या पाच मिनिटांत उरकल्या. 1979 मध्ये गाब्रिएल बारकाय यांच्या टीमला जेरुसलेमजवळ केतेफ हिन्नोमच्या थडग्यात मिळालेले दोन ताईत, छोटा तर उलगडल्यावर चार सेंटीमीटरही भरत नाही, त्यावर ‘देव तुला आशीर्वाद देवो आणि सांभाळो’ हा बायबलच्या गणना नावाच्या पुस्तकातला आशीर्वाद कोरलेला, कुमरानपेक्षाही काही शतकं जुना, बायबलमधला मजकूर असलेली सगळ्यात जुनी वस्तू आणि तिला पाच मिनिटं? सकाळचं ड्रोन शूटिंग कमी करा आणि काकांना अर्धा तास जास्त द्या. नोट्सची पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवतो म्हणाले होते, अजून आली नाही.

लहान पोरं असतील तर गल्याथपर्यंत बसतील, पुढे कठीण आहे. सकाळ गाळून फक्त जेवण आणि लेक्चर हजारात मिळतं, हे आम्हाला निघताना कळलं, तुम्ही बुकिंगलाच विचारा. मांडव्याला परतीची शेवटची लाँच मिळत नाही आणि रात्री वडखळला अडकण्यापेक्षा मुक्काम केलेला बरा, खोल्या स्वच्छ आहेत, सकाळचे पोहे ठीकठाक.