सबमिलिमीटर दुर्बीण कुठे उभारावी: दक्षिण ध्रुव की सेरो चाहनांतोर?

जेमतेम एक मिलिमीटर किंवा त्याहून थोड्या कमी लांबीच्या लहरी टिपणाऱ्या या दुर्बिणींचा खरा शत्रू म्हणजे हवेतली वाफ. विश्वाच्या बाल्यावस्थेतून आलेला प्रकाश ती वाटेतच गिळते.

दक्षिण ध्रुवाची उंची सुमारे 2,800 मीटरच, पण थंडी इतकी की हवेत वाफ जवळजवळ उरतच नाही. सहा महिन्यांची रात्र असल्याने हवाही स्थिर राहते. 2007 पासून 10 मीटर व्यासाची साउथ पोल टेलिस्कोप तिथे पार्श्वभूमी प्रारण, म्हणजे विश्वाच्या सुरुवातीच्या काळातून उरलेला मंद प्रकाश, मोजते आहे. मात्र तिथून आकाशाचा तोच दक्षिणेकडचा भाग दिसतो, आणि हिवाळ्यात दुर्बीण मोजक्या माणसांच्या भरवशावर चालते.

चिलीतल्या अटाकामा वाळवंटातलं सेरो चाहनांतोर हे शिखर; दुर्बिणीची जागा 5,600 मीटरवर आहे. फ्रेड यंग या सबमिलिमीटर दुर्बिणीसाठी तेच निवडलं गेलं. तिचा आरसा 6 मीटरचा, म्हणजे लहान. पण 350 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबी पकडायची तर पृष्ठभागातली चूक सुमारे 10 मायक्रॉनच्या आत ठेवावी लागते, आणि मोठ्या आरशात ते फार अवघड. शिवाय पृथ्वी फिरते तसं अर्ध्याहून जास्त आकाश समोरून सरकतं. विरळ हवेत काम करणाऱ्यांना प्राणवायू जवळ बाळगावा लागतो, हा त्रास मोठा आहे.

आकाशाच्या एकाच तुकड्यावर वर्षानुवर्षं नजर रोखायची असेल तर मी ध्रुव निवडेन. दूरच्या धूळभरल्या दीर्घिका विस्तीर्ण आकाशात शोधायच्या असतील, तर चाहनांतोरच.