दंडाची चरबी: लायपोसक्शन की आर्मलिफ्ट?

ब्लाउजची बाही दंडात रुतायला लागली की आधी आरशासमोर हात आडवा धरा आणि खालचा भाग चिमटीत पकडा. चिमूट जाड लागली, सोडताच कातडी जागेवर गेली, तर लायपोसक्शनचा विचार करता येतो. नुसती पातळ कातडी लोंबत असेल, तर चरबी काढून ती आणखीच सैल दिसेल, तिथे आर्मलिफ्टच, म्हणजे जादा कातडी कापून काढण्याची शस्त्रक्रिया.

लायपोसक्शनमध्ये कोपर किंवा काखेजवळ काही मिलिमीटरचे छेद घेऊन, सलाइनमध्ये मिसळलेलं भुलीचं औषध आत सोडतात आणि बारीक नळीने चरबी ओढतात. बहुतेक जण त्याच दिवशी घरी. पहिल्या रात्री छेदांतून गुलाबीसर पाणी झिरपतं. हाताखाली जुना टॉवेल ठेवा, घाबरू नका. काळंनिळं दोनेक आठवडे, घट्ट प्रेशर गारमेंट (सूज दाबून धरणारी बाही) काही आठवडे (म्हणून मे महिन्यात शस्त्रक्रिया नकोच!) आणि खरा आकार दिसायला ३ ते ६ महिने.

आर्मलिफ्टचा व्रण साधारण काखेपासून कोपरापर्यंत जातो. फिकट होतो, पण राहतो. स्लीव्हलेससाठीच हे सगळं करणार असाल, तर हे आधी पचवा. जड उचलणं महिना-दीड महिना बंद.

वजन दोन्हींनी उतरत नाही. ताप आला, धाप लागली किंवा एकच हात जास्त सुजला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना गाठा.