‘टेनेट’मधला नील कोण? मॅक्स की मित्र

गणपतीला चाकरमानी भावंडं वेंगुर्ल्यात जमली की आरतीनंतर हा वाद ठरलेला. दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलनचा ‘टेनेट’ (2020) पाहिला नसेल तर पुढे वाचू नका. प्रश्न एवढाच: नायकाला साथ देणारा नील खरा कोण?

पहिला अर्थ: नील म्हणजे खलनायकाची बायको कॅट हिचा मुलगा मॅक्सच, मोठा होऊन काळात मागे आलेला. हिशेब जुळतो. या सिनेमात भूतकाळात उडी मारता येत नाही. एक वर्ष मागे जायचं तर उलट काळात अख्खं वर्ष काढावं लागतं, तेही ऑक्सिजनचा मास्क लावून. मॅक्स दहाचा धरा. बारा वर्षं पुढे, बारा मागे, झाला चौतिशीचा. शिवाय कॅटला गोळी लागल्यावर नील तिच्यासोबत उलट्या काळातून ऑस्लोपर्यंत जातो. पण सगळं तारुण्य बंद खोलीत? मला हे पटत नाही. आणि तसा एकही संवाद सिनेमात नाही.

दुसरा अर्थ साधा: नायकानेच भविष्यात नीलला कामाला घेतलं, दोघांची वर्षानुवर्षांची दोस्ती झाली. याला पुरावा पडद्यावरच आहे. मुंबईतल्या पहिल्याच भेटीत नील नायकासाठी न विचारता डाएट कोक मागवतो. नीलच्या पिशवीला लटकणारा लाल दोरा तर शेवटी सगळंच सांगतो: बंद दरवाजामागे नायकासाठी मेलेला माणूस नीलच, आणि पुढे काय होणार हे कळूनही तो नायकाचा निरोप घेऊन परत तिकडेच निघतो.

माझं मत दुसऱ्याला. आईसाठी कुणीही जीव देईल. नीलने तो मित्रासाठी दिला, म्हणून तो निरोप जास्त लागतो.