फान क्वानचा डोंगर की नी झानचं पाणी?

भाचीला अभ्यासाच्या खोलीत चिनी निसर्गचित्राची प्रत लावायचीय आणि फान क्वान आणि नी झान या दोन जुन्या चिनी चित्रकारांच्या एकेका चित्रात तिचं घोडं अडलंय. मूळ चित्रं दोन्ही तैपेईच्या राजवाडा संग्रहालयात.

आकार: फान क्वानचं 'डोंगर-ओढ्यांतले प्रवासी' (11व्या शतकाची सुरुवात) रेशमावरचं, दोन मीटरहून उंच. छोट्या प्रतीत त्याचा दरारा मरतो. नी झानचं 'रोंगशी' (एका अभ्यासिकेचं नाव, 1372) कागदावरचं, जेमतेम 75 सेंटिमीटर.

एकांत: खरा फरक इथे. फान क्वानच्या अजस्र कड्याखाली, उजव्या कोपऱ्यात, खेचरांचा तांडा मुंगीएवढा दिसतो. त्याची सहीही तिथेच पानांत दडलेली. ती सापडली थेट 1958 मध्ये! म्हणजे माणूस आहे, पण डोंगरापुढे नगण्य. नी झानकडे माणूसच नाही. सडपातळ झाडं, रिकामी झोपडी आणि मधे कोरा कागद. तो कोरा भाग म्हणजेच पाणी. आधी मला ते अर्धवट वाटलं होतं, खरं सांगते.

शाई: एकाकडे खडकभर पावसाच्या थेंबांसारखे फटकारे, दुसऱ्याकडे कोरडी काटकसर.

मोठी भिंत असेल, निसर्गाचा धाक हवा असेल तर फान क्वान. टेबलासमोर बसून डोकं निवांत करायचं तर नी झान. भाचीची खोली दहा बाय दहाची, त्यामुळे तिला नी झानच.